निम्म्या-निम्म्या गोळ्या

तीर्थस्वरूप आक्कास,

धाकट्या भावाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (डोकं एवढ्यात वर करणार नाही. का ते पुढे कळेलच.) तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला गेला का, की अजून मिरवतायत? आम्ही दोघं इथे सुखरूप, असं लिहिणार होतो, पण आज तुला खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय. गेल्या काही महिन्यांत जेवढं खोटं बोललोय तेवढं उभ्या जन्मात बोललो नव्हतो, गिऱ्हाइकाला कपड्यांचा वायदा करतानासुद्धा.

रक्तदाबाच्या नव्या औषधाची ती चाचणी तूच शोधून दिलीस. दवाखान्यात नर्स म्हणून जन्म काढलेली तू, कॉम्प्युटरपुढे बसून कुठे कसली चाचणी चालू आहे, कोणाला घेतात, कोणाला नाही, सगळं वाचलंस, फोन करून खात्री केलीस आणि मला बजावलंस की हिला घेऊन जा, मनातलं सगळं विचार, कागद वाचल्याशिवाय सही करू नकोस, नको वाटलं तर कधीही बाहेर पडता येतं. हिचं प्रेशर कुठल्याच औषधाला दाद देत नव्हतं, आणि शिवता शिवता ही मशीनवरच कोसळली ते मी तुला फोनवर रडत रडत सांगितलं होतं. तू जे जे बजावलंस त्याला मी हो म्हणालो. आता मी लगेच हो म्हणालो म्हणजे ऐकलेलं नाही, हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

तिथल्या डॉक्टरीणबाई फार समजूतदार. आलेल्या सगळ्यांना एकत्र बसवून त्यांनी समजावलं. नेहमीच्या गोळ्या चालूच राहणार, वर आणखी एक. ती कोणाला खऱ्या औषधाची मिळणार, कोणाला हुबेहूब तशीच दिसणारी पण नुसती पिठाची. कोणाला कुठली, हे त्यांनाही ठाऊक नसतं. आणि एका घरातला एकच माणूस घेणार, कारण घरात गोळ्यांची सरमिसळ होते म्हणे. मला असा राग आला! आम्ही काय कुक्कुली बाळं आहोत? पण ही हटून बसली, एकटी औषध घेणार नाही. मग मी डोकं चालवलं. (माझ्या डोक्याने चालायला घेतलं की तू नेहमी दार लावून घ्यायचीस, आठवतं?) हिचा म्हणून दिला घराचा पत्ता, माझा म्हणून दुकानाचा. दुकानाचं दार रस्त्यावर, घराचं मागच्या बोळात, मध्ये फक्त एक पडदा. आडनाव एकच कसं, असं नर्सबाईंनी विचारलं, तर म्हटलं, या आडनावाची माणसं पोत्याने आहेत.

तेव्हापासून आम्ही तिथे दोन वेगळ्या बाकांवर बसायचो. हिला कुठलं जमायला! एकदा उठून आली आणि माझ्या खांद्यावरचा दोरा उचलून गेली. नर्सबाई बघतायत म्हटल्यावर मी मोठ्याने म्हणालो की कोण बाई आहेत कोण जाणे, पण सज्जन दिसतात. त्यावर हिने जे पाहिलं माझ्याकडे! माझं प्रेशर खरं तर नावापुरतंच, घरमालक दिसला की चढणारं. पण दंडाला पट्टा आवळून घरी कोण कोण असतं असं विचारलं की ते असं उसळायचं की डॉक्टरीणबाई पुन्हा पुन्हा मोजून बघायच्या. थोडक्यात, चाचणीत मला जागा मिळाली ती निव्वळ खोटं बोलून आणि त्यामुळे चढलेल्या प्रेशरवर.

मग दोघांना एकेक बाटली मिळाली, आणि आठवड्याभराने माझ्या डोक्यात किडा शिरला. खरं औषध मला आणि पीठ हिला आलं असलं तर? आपला धंदा तुला माहीत आहे. जोडीचे कपडे शिवताना कापड कमी पडलं तर एकाचा बळी देत नाहीत. दोन्हींतून थोडं थोडं चोरतात, म्हणजे दोन्ही अंगाला बसतात. तेच केलं. ही देवपूजेत असताना दोन्ही बाटल्या बटणांच्या रिकाम्या डब्यात ओतल्या, छान हलवल्या आणि सारख्या वाटून परत भरल्या. दर वेळी नवी बाटली आली की हेच. काय न्यायी नवरा आहे मी, असं वाटून त्या दिवशी दोन घास जास्तच जेवलो.

परवा ही पुन्हा कोसळली. रिक्षात घालून तिथेच नेलं. नर्सबाई धावत आल्या आणि मला म्हणाल्या, "तुम्ही कसे यांच्याबरोबर? तुम्ही कोण यांचे?"

"नवरा," म्हटलं.

आक्का, लग्नात नाव घेतानासुद्धा एवढा लाजलो नव्हतो. मग गोळ्यांचंही सांगावं लागलं. डॉक्टरीणबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी सरळ फोन उचलला. हिच्यावर काय उपचार करायचे ते ठरवायला कोणाची बाटली कसली हे उघडून बघणं भाग होतं, म्हणून तसं केलं. खरं औषध हिचं होतं. पीठ माझं. बायकोचं निम्मं औषध मी रोज सकाळी कोमट पाण्याबरोबर गिळत होतो.

आता ही बरी आहे, प्रेशर आटोक्यात येतंय. चाचणीतून आम्ही दोघंही बाहेर. आमची माहिती त्यांच्या काही उपयोगाची राहिली नाही, त्यांची मेहनत वाया घालवली ते वेगळंच. दाजींना नमस्कार.

तुझा नालायक भाऊ

ता.क. पत्राचं खरं कारण पुढेच आहे. दुसऱ्या इस्पितळात अशीच एक चाचणी सुरू होतेय, हिला घेतील असं डॉक्टरीणबाई म्हणतात. यावेळी मी सगळं खरं सांगणार आहे. पण गोळ्या माझ्या हाती लागता कामा नयेत, असं त्यांनी हसून सांगितलं आणि मला हसू आलं नाही. तू येऊन राहशील का थोडे दिवस? आणि खरी बाटली कोणाची होती हे हिला अजून माहीत नाही. तेही तूच सांग. माझी जीभ उचलत नाही.

ता.ता.क. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात ही पडद्याआडून आली. कोणाला पत्र म्हणाली, आणि माझ्याच्याने राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं. तर शांतपणे म्हणते, "डब्याचा खडखडाट मला पहिल्या दिवशीच ऐकू आला होता. त्याआधीच्या आठवड्यात पायांची सूज उतरली तेव्हाच कळलं होतं, माझी बाटली खरी. म्हटलं, घेताय तर घ्या, तुमचंही प्रेशर आहेच की."

आणि काज करायला बसली. आक्का, ही रागावतच नाही गं. तू तरी लवकर ये आणि मला चांगला झाप.