शालूबाईंचा फोन

कुरखेडा. मंगळवार, संध्याकाळ.

इथे रेंज नाही, म्हणून सगळ्यांचे मोबाइल ऑफिसच्या वायफायवर. राउटर मी सांभाळतो. कोणाच्या फोनवर कोणती साइट उघडली, ते मला दिसतं. पाहायची गरज नव्हती. पाहिलं: आमच्या ऑफिसातल्या शालूबाईंच्या फोनवर, मूल होण्यासाठी उपचार करणाऱ्या नागपूरच्या दवाखान्याची साइट.

आज चहाच्या वेळी शालूबाईंना आपुलकीनेच म्हणालो, "नागपूरच्या त्या दवाखान्यात जाऊन या, बाई. माह्या वहिनीले तिथंच पोरगी झाली."

त्यांनी फोन टेबलावर उपडा ठेवला. "मी तं घरीबी सांगतलं नाई, भाऊ. तुमाले कोनं सांगतलं?"

तो उपडा फोन. मी म्हणालो, "असंच."

नंतर त्या तलावाच्या बांधावर, उन्हात, रेंज शोधत उभ्या होत्या. माफी मागायला हवी. पण मागायची म्हणजे काय पाहिलं, ते पुन्हा त्यांच्यासमोर बोलायचं.