अल्मीडाच्या हॅटची फीत

हॅझल क्रीक, आयोवा
९ मार्च १९०७

फिलीनाताईस धाकट्या एझ्राचा नमस्कार.

तुझा गुडघा आता कसा आहे? भावोजींचा खोकला थंडीबरोबर गेला की अजून मुक्कामाला आहे? आम्ही दोघं बरे आहोत. खोगिरांचं दुकान चाललंय. मी मिशी काढली. बावीस वर्षांची मिशी एका सकाळी का काढली, हे विचारशीलच, म्हणून बैजवार सांगतो. चुलीवर काही असेल तर आधी उतरवून ठेव.

आपली लिओटा हायस्कुलात बास्केटबॉल खेळते, हे तुला ठाऊक आहेच. मुलींच्या खेळात मैदानाचे खडूने तीन भाग करतात आणि जिने तिने आपापल्या भागात राहायचं. रेघ ओलांडली की चूक, आणि समोरच्यांना टोपलीत चेंडू टाकायची एक फुकट संधी. (लिओटा शेवटच्या भागात. तिने अडवायचं, टोपलीत कधीच टाकायचं नाही. मी म्हटलं, मग तुला काय मिळतं? तर म्हणे, बाबा, तुम्ही खोगिरं शिवता, घोड्यावर कुठे बसता?) खेळायच्या काळ्या घोळदार तुमानी तिच्या आईने, अल्मीडाने शिवल्या होत्या. सात मुलींच्या सात. सातवी लिओटाची, तिची काजं तेवढी राहिली, आणि नोव्हेंबरात अल्मीडा गेली. काजं मग लिओटानेच केली, रडत रडत, वेडीवाकडी.

आता मेख अशी, की तुमानी घातलेल्या मुली पुरुषांच्या नजरेस पडू नयेत म्हणून सामन्याला पुरुषांना बंदी. खिडक्यांनासुद्धा वर्तमानपत्रं चिकटवतात. शाळा समितीचे अध्यक्ष, चर्चचे डीकन हार्कर यांना हा खेळच नको आहे. त्यांनी शिक्षिका मिस ट्वॉम्ब्लींना बजावलं होतं, एक जरी तक्रार आली तरी मुलींचा खेळ कायमचा बंद. हे मला माहीत होतं, ताई. माहीत असून मी गेलो, म्हणून दोष कुणाला द्यायची सोय नाही.

दर सामन्याला अल्मीडा जायची आणि घरी येऊन मला सगळं करून दाखवायची, लाटणं हातात घेऊन. शेवटच्या सामन्याचं कोण सांगणार? म्हणून मिशी काढली, तिचा झगा चढवला (मागची बटणं लागेनात, वरून शाल घेतली) आणि तिची ती मेणाच्या चेरींची जांभळी हॅट हनुवटीखाली बांधली. दारावर बसलेल्या मिसेस गॉर्मलींनी माझ्याकडे पाहून फक्त मान हलवली. पुढे कळलं, त्यांना मी तूच वाटलो. मिशी गेल्यावर आपण दोघं भलतेच सारखे दिसतो, रागावू नकोस.

काय खेळते गं पोरगी! समोरची ती थोराड मुलगी, तिला हिने एक चेंडू धड टाकू दिला नाही. सहा-सहा अशी बरोबरी, मिनिटभर उरलेलं. तेवढ्यात लिओटाने बाकांकडे पाहिलं आणि चेंडू बिंडू सोडून माझ्या दिशेने चालायला लागली. सरळ, रेघ ओलांडून. मी घोड्यांवर ओरडतो त्या आवाजात ओरडलो, लिओटा, मागे हो! शिट्टी वाजली. मिसेस गॉर्मलींनी हॅटला हात घातला, फीत तुटली, आणि तीसेक बायका किंचाळल्या. त्या गोंधळातही समोरच्या मुलीने फुकटचा गुण घेतला. सात-सहा.

तीन दिवस लिओटा माझ्याशी बोलली नाही. मला वाटलं, हरल्याचा राग. चौथ्या दिवशी भांडी पुसताना माझ्याकडे न बघता म्हणाली,

"बाबा, मला वाटलं, आई आलीय."

मी दुकानात जाऊन बसलो.

तुझा,
एझ्रा

ता. क. मंगळवारी समितीची बैठक आहे. तक्रार एकच, ओरडणारा पुरुष. तू सोमवारच्या गाडीने ये, ती हॅट घाल आणि सांग की ओरडणारी तूच होतीस. आवाजाची काळजी नको, तुझा आवाज अगदी आपल्या अण्णांसारखा आहे. सहा मुलींचे आईबाप माझ्याशी बोलत नाहीत, आणि मिस ट्वॉम्ब्लींची नोकरीही जाईल.

ता. क. दुसरा. लिओटाने पत्र वाचलं. म्हणते, आत्याला खोटं बोलायला लावायचं नाही. आईला बघून रेघ मीच ओलांडली, ते मीच सांगणार, मग खेळ राहो वा जावो. आणि हॅट तीच घालून जाणार आहे. तेव्हा वरची विनंती रद्द. तरी तू ये. येताना बारीक सुई आणि जांभळा रेशमी दोरा आण. तुटलेली फीत मी शिवली आहे, पण माझ्याकडे मेण लावलेला जाड दोरा सोडून दुसरं काही नाही, आणि टाका खोगिराचा दिसतो.