खुर्ची आरामात मावते

४ मार्च

चि. धाकटोबास,
अनेक आशीर्वाद. ते जन्मापासून देत आलेय म्हणून आजही देते. पुढचं सगळं रागात लिहिलंय. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू 'नंतर बोलू' म्हणून सुटतोस.

काल नव्या गाडीतून आईला पहिल्यांदा दवाखान्यात नेलं. ऑपरेशननंतर तिचा उजवा पाय वाकत नाही, मागच्या सीटवर ती पाय पसरून आडवी बसते, हे तुला ठाऊक आहे. तिला बसवलं, चाकाची खुर्ची मिटली, डिकी उघडली, तर खुर्ची आत जाईना. उभी, आडवी, तिरकी, चाकं वर करून, सगळं झालं. समोरचा सलूनवाला गिऱ्हाइकाला अर्धवट सोडून धावत आला, त्याचंही बोट चेमटलं. शेवटी खुर्ची घरीच ठेवून निघालो. म्हटलं, तिथे मिळेल. तिथली एकुलती एक खुर्ची कुणीतरी नेली होती. आई पाऊण तास गाडीत बसून राहिली. मग वॉचमनने आणि मी तिला काखेत धरून, जवळजवळ उचलून, सगळ्या रांगेसमोरून आत नेलं. तिची चप्पल वाटेत पडली, ती उचलायला आमचा हात मोकळा नव्हता. घरी आल्यावर म्हणाली, आता मी कुठेही जाणार नाही.

ही गाडी का घेतली? तुझ्या मासिकात तू लिहिलंस म्हणून. 'डिकी इतकी ऐसपैस, की घरातल्या आजारी माणसाची चाकाची खुर्चीही आरामात मावते.' आईने ते मला तीनदा वाचायला लावलं. पोराने हे माझ्यासाठी लिहिलंय, म्हणाली. शोरूममध्ये खुर्ची नेऊन बघू, असं मी म्हटलं तर मलाच झापलं, की त्याने बघितलंय, तू आणखी काय बघणार?

एकच विचारते. तू खुर्ची घालून पाहिली होतीस का?

माया आहेच, आजच्यापुरती बाजूला ठेवलीय.
तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.
तुझं पत्र ऑफिसात उघडलं, ही माझी चूक. बारा वर्षं गाड्या चालवून त्यांच्यावर लिहितोय, इतकं कुणी झोडपलं नव्हतं.

या गाडीची डिकी चारशे ऐंशी लिटरची आहे. तेवढ्या किमतीत एवढी डिकी दुसऱ्या गाडीला नाही. तीत खुर्ची मावत नाही, हे होऊच शकत नाही. पाय ठेवायच्या पट्ट्या काढल्या होत्यास का? नाहीतर मागची सीट पाड, भरपूर जागा होते. आणि घेण्याआधी मला विचारायला काय झालं होतं? सगळं जग मला विचारतं, सख्खी बहीण विचारत नाही, आणि नंतर माझ्या नावाने शंख!

आईला समजाव. चार दिवसांत रुसवा जाईल. या महिन्यात तीन गाड्या चालवायच्यात, मान वर करायला फुरसत नाही.

तुझा राग उतरो, गुडघे न दुखोत, ही इच्छा.
तुझा धाकटा

१३ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. विचारलेल्या एका प्रश्नाचं उत्तर सोडून बाकी सगळं लिहिलंस.

मागची सीट पाडू? मग आईला कुठे बसवू, टपावर? पट्ट्या काढल्या होत्या. बावीस वर्षं लोकांचे कपडे शिवतेय, मापाचं मला शिकवू नकोस. टेप घेऊन खाली गेले. डिकीचं तोंड आहे शहाऐंशी सेंटीमीटर. मिटलेली खुर्ची आडवी केली की होते ब्याण्णव. तिरकी घातली तर मोठं चाक वरच्या कडेला अडतं. आत जागा आहे, मान्य. पण घेर ऐसपैस आणि गळ्यातून डोकं जात नाही असा झगा मी शिवला असता, तर गिऱ्हाइकाने माझ्याच तोंडावर फेकला असता. तुझे लिटर दुधाला ठीक आहेत रे, खुर्ची ओतता येत नाही.

आणि रुसवा कसला म्हणतोस? तिने पुढची तारीख चुकवली. डॉक्टरांनी सांगितलंय, व्यायाम थांबला तर चांगला पायही आखडेल. दिवसभर खिडकीकडे पाठ करून बसते. तुझ्यावर एका शब्दाने रागवत नाही. म्हणते, ताईला घडी नीट घालता येत नाही!

विचारायचं होतं, म्हणतोस. दोनदा फोन केला होता. दोन्ही वेळा तू गाडी चालवत होतास.

उत्तर एका शब्दाचं असलं तरी पोचेल.
ताई

२१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.
नाही.

खुर्ची घालून पाहिली नव्हती. डिकी उघडलीसुद्धा नव्हती. कंपनीने आम्हा सात जणांना डोंगरातल्या हॉटेलात नेलं होतं. बॅगा हॉटेलच्या माणसांनी ठेवल्या, त्यांनीच काढल्या. मी वळणावर गाडी किती झुकते ते बघत होतो. लिहायला बसलो तेव्हा सामानाच्या जागेबद्दल दोन ओळी कमी पडत होत्या. आईची खुर्ची डोळ्यांसमोर आली, माहितीपत्रकातला आकडा पाहिला आणि ठोकून दिलं. तिला बरं वाटेल, एवढंच डोक्यात होतं.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी एक खुर्ची भाड्याने आणली आणि इथल्या शोरूममध्ये गेलो. अर्धा तास झटलो. ताई, तिथल्या भिंतीवर माझंच पान फ्रेम करून लावलंय. ते काढा म्हटलं, तर विक्रेता हसून म्हणाला, साहेब, तुमच्या त्या वाक्यावर तर गाड्या खपतायत.

तसाच संपादकांकडे गेलो. चूक झाली असं छापा म्हटलं. ते म्हणाले, मागच्या पानावर त्याच कंपनीची जाहिरात आहे, आणि वाचकाला गाडी किती पळते ते हवं असतं, खुर्च्या कोण मोजतं! मी टेबलावर हात आपटला, त्यांचा चहा कागदांवर सांडला. चूक छापणार नसाल तर माझं नाव कुठल्याच पानावर नको, असं सांगून बाहेर पडलो. तीन दिवसांनी चार ओळी छापायला राजी झाले, आतल्या कोपऱ्यात. मला मात्र गाड्यांवरून काढून टायर-बॅटरीच्या पानावर बसवलंय. त्यांचा राग येतोच, पण माझा मला जास्त येतो.

आईला काय सांगू कळत नाही. तूच सांग. किंवा नको सांगूस.

शक्य असेल तर लोभ राहू दे.
तुझा धाकटा

२६ मार्च

चि. धाकट्यास,
आईचे आशीर्वाद. तुझी दोन्ही पत्रं ताईच्या शिवणाच्या टोपलीतून काढून वाचली. तिने काय लिहिलं असेल ते तुझ्या उत्तरांवरून कळलं.

'तूच सांग किंवा नको सांगूस' म्हणजे काय रे? तुम्ही दोघं मला कुठे ठेवायचं, कसं न्यायचं, काय सांगायचं ते ठरवताय. मी काय डिकीत घालायचं सामान आहे? माझा पाय वाकत नाही, कान शाबूत आहेत.

मला बरं वाटावं म्हणून लिहिलंस. वाटलंही, आठ दिवस. मग पाऊण तास त्या गाडीत बसले होते तेव्हा काय मनात येत होतं, सांगू? तुझं वाचून आणखी कुणीकुणी आपल्या आईला असं आणून बसवलं असेल, आणि त्या बायांना तर 'माझ्या पोराने लिहिलंय' एवढंही समाधान नाही. ताईवर उगाच खेकसले. तिचं चुकलं नव्हतं, हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं.

काल दवाखान्यात जाऊन आले. ताई कपडे पोचवायला गेली होती. सलूनवाल्याकडून कोपऱ्यावरच्या टॅक्सीवाल्याला बोलावून घेतलं. त्याची गाडी जुनाट आहे, पण उंच, मागचं दार अख्खं वर उघडतं. म्हटलं, आधी खुर्ची घालून दाखव, मग मी बसते. दाखवली. पुन्हा काढायला लावली, पुन्हा घालायला लावली. वैतागला बिचारा. व्यायाम करताना सगळा दवाखाना ऐकेल अशी ओरडले, पण केला. ताई घरी येऊन रिकामी खोली बघून आधी रडली, मग माझ्यावर ओरडली. तिचा हक्क आहे.

रविवारी ये. बसने ये, कुठली गाडी आणू नकोस. माझ्यासमोर बसून सगळं तुझ्या तोंडाने सांग. मग मी बोलेन, ते ऐकून घ्यायचं, मध्ये 'पण' म्हणायचं नाही.

जेवण त्यानंतर.
आई