स्वीडनचा तो मुलगा घरी गेला का?

जळगाव, १४ नोव्हेंबर १९८८

ती. आबांस,
सा. जयभीम, वि. वि.

आईचा खोकला थांबला का? आमच्या खेळाच्या सरांनी एक पुस्तक दिलंय. त्यात स्वीडनच्या एका अडथळा शर्यतवाल्याची हकीकत आहे. या शतकाच्या सुरुवातीचा मुलगा. बाप सुतार, त्यानंच लाकडी अडथळे करून दिले. १९१२ची ऑलिंपिक त्याच्याच गावात, स्टॉकहोमला भरली, तिथवर आलेय. पुढच्या महिन्यात आमच्याही स्पर्धा आपल्या धुळ्यालाच आहेत. तुमची एसटी तेव्हा सुरतेला असेल, पण आईला नि गल्लीला पाठवा. आणि गाडी जपून चालवा, अडथळ्यांवरून उड्या मारायचं काम माझं!

माया आहेच, ती अशीच राहू द्यावी.
तुमची मंजुळा

जळगाव, १२ डिसेंबर १९८८

ती. आबांस,
सा. जयभीम, वि. वि.

स्पर्धा झाल्या. घाई होती म्हणून घरी येता आलं नाही. आता अभ्यासच करायचा, धावणं बंद. स्वीडनवाल्याचं पुढं काय झालं विचारलंत. तो आपल्याच गावात, सगळ्यांसमोर, पहिल्याच फेरीत बाद झाला. पुढं वाचलं नाही.

राग नसावा, लोभ असावा.
मंजुळा

धुळे, १७ डिसेंबर १९८८

चि. मंजुळा,
अ. आ.

सुरतेहून आलो तेव्हा आईनं सांगितलं. तू पडलीस आणि ती गर्दीतून पुढं येईपर्यंत निघूनही गेलीस. जळगाव गाडीवरचे कंडक्टर हिलालभाऊ म्हणाले, पोरगी गुडघ्याला रुमाल बांधून मागच्या सीटवर बसली होती. आई कळण्याची भाकरी झाकून वाट बघत होती. अजून म्हणते, हारनी ते हारनी, पन उपाशी काबर गई?

धावायचं की नाही ते तू ठरव. पण तो मुलगा त्या दिवशी घरी गेला का? पुस्तकात नसेल तर मी सांगतो. तो सुतार दारातच उभा असणार. शर्यतीचं नाव काढलं नसेल त्यानं. हातपाय धू, जेवायला बस, एवढंच म्हणाला असेल.

लोभ आहे, तो हरल्या-जिंकल्यानं बदलत नाही.
तुझा आबा

जळगाव, २२ डिसेंबर १९८८

ती. आबांस,
सा. जयभीम, वि. वि.

पत्र वाचून खूप रडले, मग पुस्तक उघडलं. तो घरी गेल्याचं कुठं लिहिलेलं नाही. पुढची ऑलिंपिक महायुद्धात बुडाली. आठ वर्षांनी, अँटवर्पला, तो पुन्हा धावला. पदक तेव्हाही नाही. सरांना गुडघा दाखवला. आराम केला तर फेब्रुवारीत चाळीसगावच्या शर्यतीत उतरता येईल म्हणाले. रविवारी घरी येते.

तुमच्या मायेची,
मंजुळा

धुळे, २१ फेब्रुवारी १९८९

चि. मंजुळा,
अ. आ.

चाळीसगावहून सुखरूप पोचलो. अडथळा पाडला तरी शर्यत चालूच राहते, हे मला कुठं ठाऊक होतं? तू एक पाडलास, तेव्हा मी ब्रेक म्हणून शेजारच्याच्याच पायावर पाय दाबला. माणूस भला, हसून पाय मागं घेतला. मग तू तिसरी आलीस आणि त्यानंच मला मिठी मारली.

पिस्तूल वाजलं तेव्हा आईनं डोळे गच्च मिटले, ते तू थांबल्यावरच उघडले. आता रोज ओट्यावर बसून साऱ्या गल्लीला ती शर्यत सांगते, कोण कुठं मागं पडली, तू कशी उडी घेतलीस, सगळं. मी शेजारी बसून हो हो म्हणतो.

लोभ भरपूर आहे, कमी वाटला तर कळव.
तुझा आबा