राखेने घासलेली कढई

बाबा, रविवारी तुम्ही स्वयंपाकघरात शिरलात की आई बाहेर येता येता म्हणायची, "आज चीनचं राज्य, बाई!" मी ओट्याच्या कडेला पाय हलवत बसलेली आहे. पंपाच्या स्टोव्हवर ती गोल बुडाची काळी कढई, तिच्यात आलं, कांद्याची पात आणि शिळा भात. तुमचा हात चालतो आणि तोंडही. सॅन फ्रान्सिस्कोत अगदी सुरुवातीच्या चिनी खानावळींवर म्हणे पिवळं रेशमी तिकोनी निशाण फडकायचं, म्हणजे पाटी वाचता न येणाऱ्यालाही कळावं, इथे जेवण मिळतं. सोनं शोधायला आलेले गोरे चिखलाच्या बुटांनी आत शिरायचे, पोटभर जेवायचे आणि बाहेर पडून त्याच लोकांची टिंगल करायचे. खाली मजुरांची बाकं, वर सज्जा, कंदील, कोरीव खुर्च्या. मी कधी न पाहिलेला तो सज्जा मला अजून स्वप्नात दिसतो, आणि त्यात तुम्ही भात परतत असता.

हे सगळं तुम्हाला सांगितलं होतं तिथल्या एका म्हाताऱ्या आचाऱ्याने. शिकायला गेलेल्या तुम्हाला मनासारखा भात मिळायचा तो त्याच्याकडेच. त्याच्या वडिलांनी भूकंपानंतरच्या मोठ्या आगीतून ही कढई पाठीला बांधून बाहेर काढली होती. मुलं त्या धंद्यात येईनात, खानावळ बंद झाली, तेव्हा त्याने ती तुमच्या हातात ठेवली. इथे तुम्ही ती स्वतःच धुवायचात, कोणाला हात लावू द्यायचा नाहीत. का, ते मात्र कधी बोलला नाहीत.

मी दहा वर्षांची होते आणि तुम्ही फिरतीवर. शाळेत सिस्टर रोज नखं, कॉलर, बूट तपासायच्या. चकचकीत म्हणजे चांगलं, एवढंच मला कळत होतं. तुम्ही यायच्या दिवशी मी कढई मोरीत नेली आणि राख, नारळाची शेंडी घेऊन दुपारभर घासली. तुम्ही आलात, ओट्याकडे पाहिलंत.

"कोणी केलं हे?"

"मीच घासली," आई म्हणाली. "किती काळी झाली होती, अहो!"

मी तिच्या मागे उभी होते. तुम्ही बूट न काढताच स्टुलावर बसलात. "तो म्हातारा आचारी म्हणाला होता, नुसत्या गरम पाण्याने धू. हा काळा रंग म्हणजे माझ्या बापाचा हात आहे." दोन दिवस तुम्ही आईशी बोलला नाहीत. पुढे त्याची गंमत झाली. पाहुणे आले की तुमचं ठरलेलं, "माझं सॅन फ्रान्सिस्को हिने मोरीत सोडलं!" सगळे हसायचे, आईही हसायची, आणि माझ्याकडे बघायची नाही.

तुम्ही पुन्हा तेल लावून, तापवून ती काळी केलीत. तुमच्यानंतर मी केली, इथे जर्मनीत, रेगेन्सबर्गमध्येही. परवा नात तारेची घासणी घेऊन सिंकपाशी उभी. "आजी, दी इस्ट डोख श्मुत्सिग!" किती घाण आहे म्हणे. मी ओरडून तिचा हात धरला. तिचा चेहरा असा पडला, की तो मला ओळखीचा वाटला. मग तिला जवळ घेऊन सगळं सांगितलं. पहिल्यांदाच, कोणालातरी.

आता मी मुलाकडे राहायला जातेय. तिथे इंडक्शन आहे, गोल बूड त्यावर बसत नाही. हे पत्र कढईतच ठेवतेय, पाठवायचं तरी कुठे? गॅस असलेल्या घरात नात राहायला गेली की कढई तिची. लांब दांड्याचा झारा मुलाला. खानावळीचं पिवळं पडलेलं मेनूकार्ड पुण्याला धाकट्या भावाकडे. आणि मोरीत सोडलेलं सॅन फ्रान्सिस्को आईकडून काढून घ्या, बाबा, ते माझं आहे.

खरं सांगू? त्या दुपारी कढईत मला माझा चेहरा दिसला होता, आणि मी फार खूश झाले होते.