कुर्ता सरळच होता

२७ जून

कुर्ता वाकडा म्हणे! किराणावाली त्रिशला दुकानात येऊन चार बायकांसमोर बोलली— "रत्नाबाई, माह्या खुशबूचा शाळेचा ड्रेस काहून असा शिवला? एकीकडून लोंबून राह्यला!" तळपायाची आग मस्तकात गेली. वीस वर्षं शेलूबाजारात शिवून राह्यली मी. माझी कैची चुकत नाई!

२८ जून

कुर्ता टेबलावर पसरून मोजला. दोन्ही बाजू सारख्या. मंग खुशबूलेच उभं केलं. खांदा ते कंबर— डावीकडून साडेचौदा, उजवीकडून तेरा! तीनदा मोजलं. खाली वाकायले लावलं तर पाठ एका बाजूनं वर आलेली. बारा वर्षांची पोर. कापड सरळ आहे, पाठ वाकडी आहे— हे तिच्या मायले कसं सांगू?

२९ जून

सांगितलं. "तुमी दर्जी का डॉक्टर?" म्हणे. पण तोंड उतरलं तिचं.

८ जुलै

अकोल्याहून आल्या मायलेकी. एक्सरेत एक मणका अर्धाच दिसला. जन्मापासूनचा. पाठीचं ऑपरेशन लागन म्हणे. पण आधी डॉक्टरनं काळजाची सोनोग्राफी सांगितली, इको म्हणतात तिले. पाठीचा आन काळजाचा काय संबंध? मले चैन पडेना. त्रिशलाले इतकं इचारलं का ती चिडली— "चला मंग संगं, तुमीच इचारा!"

चला!

१५ जुलै

गेली अकोल्याले. डॉक्टरीणबाईले पहिला सवाल माझाच. त्या म्हणाल्या, पोटात लेकरू घडते तवा मणके आन काळीज एकाच सुरुवातीच्या हप्त्यांत घडते. एकात बिघाड झाला तर दुसऱ्यातही असू शकते. सगळ्यांत असतेच असं नाई, पण पाहून घ्यावं लागते. मले लगेच पटलं! कुर्त्याची पाठ आन पुढची बाजू एकाच बैठकीत कापली, तवा कापड सरकलं, तर मी दोन्ही तुकडे तपासतोच ना? बाई हसल्या.

इकोत खुशबूच्या काळजात भोक निघालं. लहान आहे. "पाठीच्या ऑपरेशनआधी सापडलं, बरं झालं," बाई म्हणाल्या. त्रिशला माझ्या गळ्यात पडून रडली. मीबी रडली.

दवाखान्याचा जिना चढताना खुशबूच्या आधी मलेच दम लागला होता. वय झालं, दुसरं काय. बेचाळीस.

१७ जुलै

खुशबू दुकानात येऊन बसली. "मौशी, तुमचे ब्लाउज कोन शिवते?" मीच. "मंग तुमचं माप कोन घेते?" कोनी नाई! टेप घेऊन मागंच लागली. खेकसली मी तिच्यावर. पोर निघून गेली. तिचं काय चुकलं होतं?

१९ जुलै

तिले बोलावलं. दार लावलं. ब्लाउजाच्या उजव्या खांद्यातली कापसाची गादी काढली— सतराव्या वर्षापासून घालतो, कोनाले ठाऊक नाई. टेप तिच्या हाती देला.

"डावीकडून सोळा," ती म्हणाली. मंग उजवीकडून मोजलं. परत मोजलं. "सव्वाचौदा... मौशी, सोमवारी आमच्यासंगं अकोल्याले चला."

भेव वाटते. जातो म्हटलं.