मॅडमचा फोन आला होता

१० नोव्हेंबर, सोमवार

स्वरयंत्रावरची गाठ काढली. आता पुढच्या शुक्रवारपर्यंत तोंड बंद! कुजबुजायचंसुद्धा नाही — त्याने तर जास्त बिघडतं, म्हणे डॉक्टर. अकरा हजार माणसांची सॉफ्टवेअर कंपनी चालवणारी बाई आईच्या ओटीवर मुकी बसली आहे.

"बोलू नको गो, डाक्तरानी सांगलाय ना," आई सारखी म्हणते. मी बोलतच नाहीये! बारवी धरणाकडच्या या पाड्यावर रेंज येते आणि जाते. फोन बंद करून कपाटात टाकला.

११ नोव्हेंबर

भाताची झोडणी चालू आहे. धूळच धूळ. खोकायचीही भीती वाटते.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

विचार करायला वेळच वेळ. एवढी मोठी कंपनी कशी सांभाळता, असं मुलाखतीत विचारतात. मी काहीतरी छानसं ठोकून देते. खरं म्हणजे मी फोन करते, बस. मुलांची, आईवडलांची चौकशी करायची, मग निर्णय सांगायचा. पूर्वी एकाने माझ्या नावाने खोटा मेल पाठवून केवढा गोंधळ घातला होता! तेव्हापासून माझा नियम — हुकूम फक्त माझ्या तोंडून. लेखी काही आलं तर मानायचं नाही; समजायचं, बाईवर कुणाचा तरी दबाव आहे. तेव्हा सगळे हसले होते. आता सगळ्यांना पाठ आहे.

तोवर निर्णय थांबले तर थांबले. साहेबावाचून अडते ती कंपनी कच्ची.

१५ नोव्हेंबर, शनिवार

राहवलं नाही, फोन सुरू केला. स्वप्नालीचा मेसेज. माझा उजवा हात ती, अंबरनाथच्या ऑफिसात बसून सगळं रेटते. "मॅडम, कालच्या फोनप्रमाणे कामाला लागले. किती मन घट्ट केलं असेल तुम्ही."

कोणता फोन??

विचारलं तर कळलं, मी म्हणे तिला अंबरनाथचं ऑफिस बंद करायला सांगितलं. चारशे माणसं. हैदराबादला जा, नाहीतर राजीनामा द्या. उल्हासनगर, बदलापूरच्या पोरी आहेत तिथे, घर सांभाळून येणाऱ्या — कुठे जाणार त्या? वर्षभर संचालक मागे लागलेत आणि मीच आडवी पडलेय. कंपनी तिथल्याच एका गाळ्यात सुरू केली मी!

१६ नोव्हेंबर, रविवार

मेसेजवर मेसेज — मी फोन केला नाही! उत्तर एकच: "मॅडम, लेखी मानायचं नाही, हा तुमचाच नियम. नंबरही तुमचाच होता."

एक शंका आली. माझ्या रेकॉर्ड केलेल्या फोनांवरून माझ्या आवाजात बोलणारा प्रोग्रॅम कंपनीतल्या मुलांनी बनवायला घेतला होता. मला किळस आली, मी पुसायला लावला. कुणी लपवून ठेवला का? स्वप्नालीने लिहिलं, आपण दोघी समोर बसून पुसून घेतला की. खरंच. मला आठवतंय.

मग बोललं कोण?

१७ नोव्हेंबर, सोमवार

चंदरने गाडी काढली, भाऊ म्हणून तेवढं केलं त्याने. अंबरनाथला थेट स्वप्नालीच्या केबिनमध्ये. ती उठून उभी राहिली, पाणी दिलं. मी कागदावर लिहिलं: ऑफिस बंद करायचं नाही. मी काही बोलले नव्हते.

तिने वाचलं. मग माझ्या खांद्यावरून चंदरकडे बघितलं. त्याचा मुलगा समर्थ इथेच नोकरीला आहे, तिला ठाऊक आहे. आवाज एकदम मऊ झाला तिचा. "घरच्यांनी गळ घातली ना, मॅडम? एक शब्द बोला फक्त. आत्ता थांबवते सगळं."

डॉक्टर गेले खड्ड्यात! तोंड उघडलं. नुसती हवा आली. परत जोर केला, घशात सुरी फिरल्यासारखं झालं. हवाच. स्वप्नालीच्या डोळ्यांत पाणी आलं. शुक्रवार संध्याकाळपर्यंत नोटीस रोखते, म्हणाली. त्याहून जास्त तिच्या हातात नाही.

निघताना मी लिहून विचारलं, फोनवर नेमकं काय म्हणाले मी? ती म्हणाली, "आपल्या लाडक्या ऑफिसला हात लावता येत नसेल, तर मी बाकीच्या ऑफिसांतल्या माणसांना कुठल्या तोंडाने काढू — असं म्हणालात."

हे माझं वाक्य आहे. धरणाच्या काठाला एकटी बसले असताना मनात आलं होतं, ऑपरेशनच्या आधी. लाज वाटली होती स्वतःची. मी ते कुणालाही बोललेले नाही. कुणालाही!

१९ नोव्हेंबर, बुधवार

त्या आवाजाने स्वप्नालीच्या वडिलांच्या डायलिसिसची चौकशी केली म्हणे. मी विसरलेच होते.

भीती वाटते. तो आवाज माझ्यापेक्षा चांगली मॅडम आहे.

२० नोव्हेंबर

आई म्हणते, जेव. उद्या संपला सगला. आईला काय सांगू, लिहूनही सांगता येत नाही. तिला वाचता येत नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

डॉक्टर म्हणाले, बोला. बोलले! स्वच्छ, जुना, माझाच आवाज. दवाखान्याच्या पायरीवरूनच स्वप्नालीला फोन लावला. म्हटलं, मी नूतन बोलतेय, ऑफिस बंद करायचं नाही. पलीकडून ती शांतपणे म्हणाली,

"मॅडमनी सकाळीच सांगून ठेवलंय. आज त्यांच्या आवाजात कुणीतरी फोन करेल."